पोरांना कळू नये म्हणून

आमच्या मिरजेच्या घरात पोरांपासून काही लपवायचं असलं की मोठी माणसं कानडीत शिरायची. बोलणं मराठीत सुरू व्हायचं, मध्येच आज्जी भुवई उडवून आमच्याकडे खूण करायची आणि आई, काकू, आज्जी अशा तिघी चालत्या वाक्यात रूळ बदलून थेट कर्नाटकात पोचायच्या. विषय ठरलेले असत : दागिने, पैसे, कुणाचं तरी न जमणारं लग्न आणि पोरं झोपल्यावर बघायला जायचा सिनेमा.

आता यात दोष कुणाचा, ते तुम्हीच सांगा. त्या मराठीत बोलल्या असत्या तर आम्ही ढुंकूनही बघितलं नसतं. मोठ्यांचं मराठी बोलणं म्हणजे पाय धू, पाढे म्हण, हातातलं खाली ठेव. त्यात कान देण्यासारखं काय असतं? पण कानडी सुरू झालं की आम्ही भावंडं गोट्या टाकून भिंतीला चिकटायचो. 'बंगारा' आलं की सोनं, 'रोक्क' आलं की पैसे, 'मदवी' आलं की धाकट्या आत्याची पत्रिका परत आलेली. सिनेमाला कानडीतही सिनेमाच म्हणतात, हे तर मोठ्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. वाक्य कानडी, क्रियापद कानडी, घेतलेली खबरदारी कानडी, आणि मध्ये लख्ख ऐकू येणारं 'सिनेमा', 'तिकीट', 'जिलेबी'! रात्री घरातल्या बायका चपला हातात घेऊन पाय न वाजवता जिना उतरायच्या, तेव्हा खालच्या पायरीवर आम्ही सगळे भांग पाडून, बुटांचे बंद बांधून तयार.

"यांना सांगितलं कुणी?" काकू विचारायची.

"कुणी कशाला सांगायला पायजे? यांना कळाय लागलंय," आज्जी म्हणायची, आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्या गुपितांची भाषा बदलायची.

कानडी फुटली म्हणून दखनी आली. शेजारी सतारी करणाऱ्यांचं घर होतं. त्यांच्याकडचं बोलणं म्हणजे, "कायको आया रे? नक्को बोली ना मैं?" या भाषेत मराठी आधीच घरजावई होऊन बसलेली, त्यामुळे ती आम्हाला शिकावीसुद्धा लागली नाही. मग आण्णांनी इंग्रजी बाहेर काढली. आण्णा कोर्टात कारकून. त्यांची इंग्रजी जन्मली दाव्यात आणि वाढली अर्जात. "दि सेड लाडू आर इन दि सेड कपाट," असं ते आईला गंभीरपणे सांगायचे. यातलं 'सेड' सोडून बाकी सगळं पहिल्याच दिवशी कळलं. शेवटी हरून ती मंडळी च-च्या भाषेवर आली. ती तर आमचीच. पोरांची भाषा उसनी घेऊन पोरांपासून लपवायला निघालेलं दुसरं घर जिल्ह्यात नसेल.

अशा रीतीनं एकही शिकवणी न लावता आम्ही सगळी भावंडं तीन-चार भाषांमध्ये कान लावून बसायला लागलो. माणूस द्विभाषिक कसा होतो, यावर विद्यापीठांत म्हणे मोठमोठे प्रबंध आहेत. आमच्या घराण्याचा अनुभव एका शब्दात सांगता येतो : भोचकपणानं.

हा गुण पुढच्या पिढीतही उतरलाय. पुण्याला मुलाकडे गेलो की सूनबाई आणि तो जेवताना एकमेकांना इंग्रजी अक्षरं सांगत असतात. "हिला सी-एच-ओ-सी आत्ता देऊ नकोस." नात अजून शाळेत रेघा ओढते, पण तिसऱ्या अक्षराला ती फ्रिजपाशी हजर असते. परवा तर तिनं मला विचारलं, "आजोबा, पी-ए-आर-के म्हणजे आपण किती वाजता निघायचं?"

लहानांच्या कानांना काय काय कळतं, याचे तान्ह्या बाळांवर बरेच प्रयोग झालेत. जेनेट वर्कर नावाच्या बाईंनी कॅनडात एका सहकाऱ्याबरोबर केलेला प्रयोग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक बिनचूक कळत होता. तीच बाळं वर्षाची होत आली की त्यांना दोन्ही सारखेच ऐकू यायला लागले. याचा अर्थ उघड आहे. प्रत्येक मूल जन्मतः मिरजेचं असतं, पुढे वर्षभरात त्याचा इंग्रज होतो. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये आणखी गंमत दाखवली. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस बसलं, त्यांच्याशी खेळलं, तर त्यांना चिनी आवाज ओळखता यायला लागले. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तर बाळं कोरडीच्या कोरडी. शास्त्रज्ञांनी याची कारणं बरीच दिली आहेत. मला विचाराल तर टीव्ही कुणापासून काही लपवत नाही, मग बाळ कशाला कष्ट घेईल?

आमच्या मिरजेचं मी उगाच कौतुक करतो असं वाटत असेल तर पलीकडच्या कुपवाडचं सांगतो. आता कुपवाड म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते. १९९८ साली सांगली-मिरज-कुपवाड अशी तिघांची मिळून महापालिका झाली, त्यात बिचाऱ्याचं नाव शेवटी. पण जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत सांगली कुणाला ठाऊक नाही आणि कुपवाड पाठ आहे. कारण जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांचा १९७१ साली छापून आलेला एक लेख. गंपर्झ स्वतः जन्मानं जर्मन, कोवळ्या वयात घर सोडून अमेरिकेला गेलेले. दोन भाषांचा संसार त्यांना नवा नव्हता. तेव्हा कुपवाड हे तीनेक हजार वस्तीचं गाव होतं. जैन आणि लिंगायतांच्या घरात कानडी, मुसलमानांच्या घरात उर्दू, दोर वळणाऱ्यांच्या घरात तेलुगू, आणि मराठी ही गावातल्या दलित, भूमिहीन मजुरांची घरची भाषा. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या सकाळ-संध्याकाळ एकमेकांशी बोलत आली. होता होता काय झालं, तर मराठी, उर्दू आणि कानडीतले शब्द आपापले राहिले आणि वाक्याची ठेवण जवळजवळ एक झाली. मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो', तर उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया', कानडीतही अगदी त्याच क्रमानं, शब्दाला शब्द. एका भाषेतून दुसरीत जायचं तर नुसते शब्द बदलायचे, बाकी सामान जिथल्या तिथं.

अमेरिकेत या शोधाचं फार नवल झालं म्हणतात. सांगली जिल्ह्यात होण्याचं कारण नाही. इथं साखर कारखाना सहकारी, दूध सहकारी, पाणीपुरवठा सहकारी. तीन भाषांनी मिळून एक व्याकरण सहकारी तत्त्वावर चालवायला घेतलं तर त्यात काय विशेष?

विशेष आहे ते पुढंच. इतकं सगळं एक झालं, तर तीन भाषा सोडून एकच ठेवावी असं कुणाला का वाटलं नाही? कारण घराचा उंबरा. उंबऱ्याच्या आत ज्याची त्याची भाषा, बाहेर सगळ्यांना मिळून मराठी. गावातल्या वजनदार घरांपैकी कुणाचीच ती घरची नव्हती, म्हणून ती बोलल्यानं कुणी मोठा होत नव्हता आणि कुणाचा अपमानही होत नव्हता. माझा यावर वेगळा तर्क आहे. चारी घरांना आपापल्या पोरांपासून काहीतरी लपवायचं असणार.

ऐकून शिकलेल्या भाषेची खरी परीक्षा माझी बँकेत झाली. नोकरी लागली तेव्हा साहेबांनी विचारलं, "कानडी येते का?" मी छाती फुगवून म्हणालो, "साहेब, घरचीच आहे." माझी रवानगी अथणीच्या पलीकडच्या एका शाखेत झाली. पहिल्याच दिवशी काउंटरला उभं राहिल्यावर कळलं की मला येते ती भाषा कानडी असली तरी ती आज्जीची आहे. आणि आज्जी माझ्याशी जे बोलली ते मी पाच वर्षांचा असेपर्यंत. ये, बस, गप बस, पाय धू, जेव, रडू नको, झोप. एवढ्या भांडवलावर मी शेतीकर्ज द्यायला बसलेलो.

समोर सोसायटीचे चेअरमन आले. पांढराशुभ्र फेटा, भरघोस मिशा, मागं चार माणसं. मी हात जोडून अत्यंत आदरानं म्हणालो, "बा. सुम्म कुंड्रु." म्हणजे, ये रे, गप बस बघू. बोलायला हवं होतं 'बर्री, कुंड्री'. पण आज्जीनं मला अहो-जाहो करायचं काही कारण नव्हतं. शाखेत शांतता पसरली. चेअरमन माझ्याकडे बघत राहिले. आणि मग, सांगतो ते खोटं नाही, मुकाट्यानं बाकावर बसले. मोठा माणूस झाला तरी लहानपणी कुणीतरी आज्जी त्यालाही होतीच. मागची चार माणसंही मांडीवर हात ठेवून बसली. कर्ज नामंजूर झालं म्हणून एक जण तावातावानं आला, त्याला मी "अळब्याड" म्हणालो. रडू नकोस. तो इतका गोंधळला की आवाज खाली आणून पाणी प्यायला गेला. त्या वर्षी आमच्या शाखेची वसुली सुधारली. मुख्य कचेरीतून विचारणा झाली की कोणती पद्धत वापरता. मॅनेजरांनी लिहून पाठवलं, 'कौटुंबिक'.

पण भांडवल अपुरं ते अपुरंच. जानेवारीत एक म्हातारे शेतकरी आले आणि म्हणाले, "साल बेकु री." बेकु म्हणजे पाहिजे, एवढं मला येत होतं. आणि साल म्हणजे साल. मी ड्रॉवरमधून बँकेचं नवं कॅलेंडर काढून, गुंडाळी करून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलगडलं, सगळे महिने बघितले, मागची बाजू बघितली, आणि विचारलं, "यावर व्याज किती?" कानडीत साल म्हणजे कर्ज, ही माहिती मला शिपायानं मागाहून दिली. ती देताना तो जमिनीवर बसला होता, कारण हसून त्याला उभं राहता येत नव्हतं.

आज्जीची आणखी एक देणगी मला तिथंच उमगली. ती मला लाडानं 'कत्ते' म्हणायची. डोक्यावरून हात फिरवून, गालावर बोटं मोडून. इतकं गोड म्हणायची की पहिलीत बाईंनी घरी काय म्हणतात विचारल्यावर मी तेच नाव सांगितलं होतं. बाई निपाणीच्या होत्या. त्यांनी वहीत ते लिहिलं नाही, एवढे त्यांचे उपकार. शाखेत एका गिऱ्हाइकानं दुसऱ्याला तोच शब्द फेकून मारला तेव्हा मी सरकारी शब्दकोश काढून बघितला. कत्ते म्हणजे गाढव. मला वाईट नाही वाटलं. भलतं नाव लाडानं घेणं हा आज्ज्यांचा हक्क आहे.

लग्न झालं ते इंदूरच्या मुलीशी. इंदूर म्हणजे होळकरांचं, मराठी तिथं पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली. पण नांदता नांदता तिनं हिंदीचं पाणी प्यायलेलं. ती म्हणायची, "मी येऊनच राहिले आहे." इकडं आमच्या आई-काकू म्हणायच्या, "मी येतो गं." कानडीत मी येतो आणि मी येते असा भेदच नाही, त्याचा शेजार आमच्या भागातल्या बायकांच्या मराठीला लागलेला. आल्याच्या आठवड्यात आई माजघरातून म्हणाली, "थांब, मी पण आलो." बायको पदर सावरून उठून उभी राहिली. कुणी पुरुष माणूस आलंय म्हणून ती बराच वेळ दाराकडे बघत होती.

भांडणं मात्र झकास व्हायला लागली. तिचा राग मराठीत सुरू होतो, तापला की हिंदीत जातो. "अहो, तुम्हाला किती वेळा सांगितलं"पासून "अब तो हद हो गई"पर्यंत पोचायला तिला चहाचं आधण येण्याइतका वेळ लागतो. मी तोवर कानडीत गेलेलो असतो. लोक म्हणतात राग आपल्या मूळच्या भाषेत येतो. आमच्याकडं तो मूळच्या भाषेत येऊन शेजारच्या राज्यात निघून जातो. दोघांपैकी कुणालाच समोरच्याचं शेवटचं वाक्य कळत नाही, त्यामुळे दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं. भाषा वेगळ्या असल्या की तडजोड होत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं आमच्याकडं जेवायला यावं.

जनावरांचं तर विचारू नका. सांगलीच्या विश्रामबागेत फिरायला गेलं की तमाम कुत्री इंग्रजी माध्यमातली. ज्या गृहस्थांना बँकेत 'डिपॉझिट' लिहिता येत नव्हतं, ते कुत्र्याला "नो, टायगर, बिहेव!" म्हणताना मी ऐकलेत. आमच्या काकांची म्हैस अथणीच्या बाजारातून आणलेली. ती कानडीशिवाय पान्हा सोडत नसे. काकांना कानडी येत नव्हती, ते ती म्हशीसाठी शिकले. माणसांसाठी शिकले नसते, असं काकू अजून म्हणते.

या सगळ्याला नाकं मुरडणारे एक सद्गृहस्थ आमच्या कॉलनीत आहेत. त्यांना शुद्ध मराठीचा ध्यास. "दोन भाषा झाल्या की दोन्ही बिघडतात," हा त्यांचा सिद्धांत. ते आम्हाला हे सांगतात ते सांगलीच्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उभे राहून. त्यांना मी म्हटलं, "काका, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच 'सीतास्वयंवर' केलं ना? ते कसं सुचलं? कर्नाटकातल्या कर्कीहून भागवत मंडळी इथं येऊन खेळ करून गेली, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी तो बघितला आणि विष्णुपंतांना म्हणाले, असं काहीतरी मराठीत करा." म्हणजे आपली रंगभूमीसुद्धा कानडीला कान लावूनच जन्मली. काका म्हणाले, "तो काळ वेगळा." मी म्हटलं, बेंद्रे घ्या. घरात मराठी, कविता कानडीत, १९७३ चं ज्ञानपीठ कानडीसाठी. भीमसेन जोशी घ्या. गदगचे, घरची भाषा कानडी, आणि अभंग ऐकायला अख्खा महाराष्ट्र त्यांच्यासमोर. आमच्या मिरजेत येऊन राहिलेले अब्दुल करीम खाँ कैरान्याचे, आणि गायचे मराठी नाट्यपदं. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती माणसं मोठी होती. तुमचं टॅलेंट तेवढं नाही." हे वाक्य शुद्ध मराठीत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

निवृत्त होऊन मिरजेत आलो आणि कानडी गंजायला लागली. शिकलेली भाषा विसरते कशी, याचाही एकानं पाठपुरावा केलाय. हॅरी बाहरिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या शेकडो लोकांची परीक्षा घेतली. काहींना तर ती भाषा सोडून ५० वर्षं झालेली. १९८४ मध्ये त्यानं सांगितलं की पहिल्या काही वर्षांत बरीच गळती होते, पण जे तेवढ्यात तरतं ते पुढं तीसेक वर्षं हलत नाही. माझं काय तरलंय ते मी तपासून बघितलं. 'अळब्याड' तरलंय. 'सुम्म कुंड्रु' तरलंय. कर्जाचे सगळे शब्द वाहून गेले. आज्जीच्या ठेवी सुरक्षित, बँकेच्या बुडाल्या.

राहिलेलं टिकवायला मी मिरजेच्या बाजारात कुडचीकडून येणाऱ्या भाजीवाल्या गाठल्या. मी मेथी निवडतोय, आणि एक दुसरीला कानडीत म्हणते, "याला पाच रुपये जास्त सांग, हा काही बोलत नाही." मी पेंडी खाली ठेवून, आज्जीच्या आवाजात कानडीतच म्हणालो, "सगळं कळतंय मला." दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. पुढच्या वेळेपासून त्यांनी भाषा बदलली. कुठली ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. म्हणून आता मी रोज तिथूनच भाजी घेतो. घरात मेथी फार होते, अशी बायकोची तक्रार आहे, हिंदीत.

आमच्या सकाळच्या फिरायच्या गटाला मात्र भाषेचं एकदम वेगळंच वेड लागलं. कुणीतरी वाचून आलं की हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये तो छापून आला. दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एका भाषेच्या माणसांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला. अगदी निरक्षर माणसांतही तेच. झालं! दुसऱ्या दिवसापासून निवृत्त मंडळी मोबाइलवर भाषा शिकायला लागली. एक जण जर्मन शिकतात, कारण मुलगा म्युनिकला. त्यांना आता 'माझा घोडा दूध पितो' असं अस्खलित म्हणता येतं. मुलाकडं घोडा नाही. दुसरे सकाळी-सकाळी इर्विन पुलावर उभं राहून कृष्णेला इटालियनमध्ये नमस्कार करतात. लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "ती साडेचार वर्षं निवृत्तिवेतनात धरतात का?" आणखी एकानं त्या अभ्यासातलं पुढचं वाक्य वाचून दाखवलं, की दोनपेक्षा जास्त भाषांनी त्यात आणखी फायदा झालेला दिसला नाही. ते ऐकून अर्ध्या लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मराठी झाली, हिंदी झाली, कोटा पूर्ण. इटालियनवाले तेवढे नाराज आहेत.

आज्जीला हे कुणी सांगितलं असतं तर तिनं त्यांनाच पाय धुवायला पाठवलं असतं. नव्वदी ओलांडल्यावर तिची मराठी हळूहळू निघून गेली आणि माहेरची कानडी उरली. एकदा तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर तरुण, विदर्भातले. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कुठला?" आज्जी कानडीत म्हणाली, "तुला कशाला पाहिजे?" त्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही कुठं आहात?" आज्जी म्हणाली, "तू कुठं आहेस ते तुला कळत नाही का?" डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : गोंधळलेल्या आहेत. तेवढ्यात रायबागकडची एक नर्स आली आणि म्हणाली, "अज्जी, ऊटा आतेन्री?" जेवण झालं का. आज्जी ताडकन उठून बसली. तिनं नर्सचं गाव, घराणं, लग्न, नवऱ्याचा पगार, सासूचा स्वभाव असं सगळं पंधरा मिनिटांत काढून घेतलं आणि वर सल्लाही दिला. नर्स बाहेर येऊन डॉक्टरांना म्हणाली, "सर, तेवढं गोंधळलेलं खोडा."

आता एक विनंती. २०२७ ची जनगणना तोंडावर आहे. २०११ च्या जनगणनेत मातृभाषेचा एक रकाना होता आणि येणाऱ्या इतर भाषांसाठी जास्तीत जास्त दोन नावांची जागा. त्या आकड्यांप्रमाणे देशात सुमारे २६ टक्के लोकांना दोन भाषा येतात आणि ७ टक्क्यांना तीन. मला हे आकडे कमी वाटतात, आणि ते कमी का, हे मी आमच्याच ओट्यावर बघितलंय. गणना करणाऱ्या मास्तरांनी विचारलं, "आईंना मराठीशिवाय काय येतं?" आई म्हणाली, "मला मेलीला काय येणार? शाळा कुठं शिकलो मी?" मास्तरांनी रकाना मोकळा सोडला. आणि त्याच वेळी ती दारातल्या दूधवाल्याला दखनीत पाण्याबद्दल सुनावत होती, आत म्हशीला कानडीत थांबवत होती, आणि मला नजरेनं सांगत होती की मास्तरांना दुसरा चहा देऊ नको.

तेव्हा गणनेचा माणूस आला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या वतीनं तुम्ही उत्तर देऊ नका. त्याला ओट्यावर बसवा, चहा द्या आणि दूधवाला येईपर्यंत थांबवून ठेवा.